वेगाचं चलान आणि चौदा दिवस

पिंपरी-चिंचवडमधला, सांगवी फाट्यावरून किवळ्याकडे जाणारा रस्ता रात्री अकरानंतर मोकळा होतो. दिवसा रक्षक चौकातून जगताप डेअरीपर्यंत रखडत जाणारी गाडी तेव्हा सिग्नल सुटला की बघता बघता सत्तर-ऐंशीला पोचते. रस्ता रुंद, मधे बीआरटी बसची मार्गिका, दोन्ही बाजूंना सोसायट्या, आणि त्या सोसायट्यांमधून रात्रपाळीला निघालेली किंवा दुसरी पाळी संपवून परतणारी माणसं. रस्ता ओलांडणाऱ्याला समोरच्या दिव्यांचं अंतर कळतं, वेग कळत नाही.

मग काही दिवसांनी एखाद्या गाडीमालकाच्या मोबाइलवर संदेश येतो. गाडीचा नंबर, चलानचा क्रमांक, दंडाची रक्कम आणि एक लिंक. लिंक उघडली की गाडीचा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण. यावर घराघरांत दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक, "भरून टाक रे, कटकट नको." दुसरी, "राहू दे, लोकअदालतीत कमी पैशांत मिटेल." हे चलान कायद्यापुढे उभं राहतं का, हा तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तो विचारायला घेतला की वेगावरच्या कारवाईतल्या सगळ्या पळवाटा एकेक करून दिसायला लागतात. त्या कुणी लपवून ठेवलेल्या नाहीत. कायद्यातच, उघड्यावर, अटी म्हणून लिहिलेल्या आहेत. निरपराध चालकाला चुकीच्या आरोपापासून वाचवावं म्हणून त्या घातल्या गेल्या. यंत्रणेनं आपल्या वाट्याचं काम पुरं केलं नाही, की त्याच अटींतून खरोखर बेफाम चालवणारा सुटतो आणि ज्याची चूक नव्हती तो मुकाट्यानं पैसे भरतो. दोन्ही नुकसानांचं मूळ एकच आहे.

सुरुवात कलम १८३ पासून करू. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं हे वेगाचं कलम. २०१९च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये आणि मध्यम किंवा जड वाहनाला दोन ते चार हजार रुपये दंड आहे. त्याआधी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त चारशे रुपये होता. या कलमाचं तिसरं उपकलम फार महत्त्वाचं आहे. एकाच साक्षीदाराला गाडी जोरात वाटली, एवढ्यावर कुणालाही दोषी ठरवता येणार नाही, असं ते सांगतं. ते मत एखाद्या यंत्रानं काढलेल्या अंदाजावर आधारलेलं हवं. ब्रिटनच्या कायद्यात अशीच अट आजही आहे, आणि आपल्या वाहन कायद्याची घडण तिथल्याच वळणाची. कारण उघड आहे. रस्त्याकडेला उभ्या माणसाला मोठा आवाज करणारी बुलेट नेहमीच वेगात वाटते आणि आवाज न करता जाणारी मोटार हळू. २०१९ पर्यंत आपल्या कलमात फक्त "यांत्रिक" साधनाचा उल्लेख होता. लेझर गनला यांत्रिक म्हणायचं का, असा वाद घालायला त्यामुळे जागा होती. दुरुस्तीत "किंवा इलेक्ट्रॉनिक" हे शब्द आले आणि ती जागा बुजली.

आता वेग मोजला, पण कोणत्या मर्यादेच्या तुलनेत? केंद्राच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेनुसार शहरातल्या महापालिकेच्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० किलोमीटर आणि दुचाकी, बस, ट्रक यांना ६० ही वरची मर्यादा ठरली. त्याखाली मर्यादा आणायची असेल तर कलम ११२ दोन गोष्टी मागतं. राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक. दोन्ही हव्यात, एक असून भागत नाही. महिन्याभराच्या आतली तात्पुरती मर्यादा असेल तरच राजपत्राची गरज नाही. म्हणजे एखाद्या उताराला ताशी ४० ची मर्यादा लावली, फलक उभारला, पण पुढे त्याच्यावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आला किंवा झाडाच्या फांद्या आल्या, तर ४० च्या हिशोबानं केलेली कारवाई लंगडी पडू शकते. आपल्या भागात चौकाचौकांत फ्लेक्स कसे लागतात हे सांगायला नको. फलक झाकणारा फ्लेक्स पोरकटपणा म्हणून सोडून दिला जातो. माझ्या मते तो कारवाईतला अडथळा म्हणून नोंदवायला हवा, कारण त्या फलकाच्या भरवशावर कुणीतरी मूल घेऊन रस्ता ओलांडत असतं.

यंत्राचंही तसंच. भाजीवाल्याच्या तराजूवर वैध मापन शास्त्र विभागाचा शिक्का लागतो, तो नसेल तर त्याला दंड होतो. वाहनाचा वेग मोजणाऱ्या रडारवर मात्र असा शिक्का सक्तीचा नव्हता. ग्राहक व्यवहार विभागानं त्यासाठी नियम केले आणि ते १ जुलै २०२५ पासून लागू झाले. आता अशा रडारची पडताळणी आणि त्यावरचा शिक्का बंधनकारक आहे. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला होता. कॅमेरा, स्पीडगन, नंबरप्लेट वाचणारी यंत्रणा अशा साधनांना राज्यानं नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं अचूकतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्यानं घ्यावं, असं तो सांगतो. कॅमेऱ्याची नजर असलेल्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक हवा, हेही त्यात आहे. चलानासोबत गाडीचा नंबर आणि गुन्हा स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्रानं केलेलं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्यातलं कलम असायला हवं. आणि आणखी एक कागद, पुरावा कायद्याच्या कलम ६५ब(४) चं प्रमाणपत्र.

या शेवटच्या कागदाची गोष्ट जालन्यापासून सुरू होते. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांच्याकडून हरलेल्या कैलास गोरंट्याल यांनी आव्हान दिलं की खोतकरांचा उमेदवारी अर्ज वेळ संपल्यावर दाखल झाला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुढे आलं, पण ते खरं असल्याचं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जुलै २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. त्या खटल्यात खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं, पण नियम पक्का झाला. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तिथे ही तरतूद कलम ६३(४) मध्ये आहे. जालन्याच्या निवडणुकीतल्या चित्रफितीचा आणि आपल्या मोबाइलवरच्या चलानातल्या फोटोचा संबंध हा असा आहे.

तरी या सगळ्यांपेक्षा मोठी अट आहे कलम २०९. वेग आणि धोकादायक चालवणं या दोनच गुन्ह्यांसाठी ते लिहिलेलं आहे. चालकाला जागेवरच, खटला भरण्याचा विचार केला जाईल अशी ताकीद दिलेली असली पाहिजे. ते जमलं नसेल तर गुन्ह्यापासून चौदा दिवसांच्या आत त्याला किंवा नोंदणीकृत मालकाला नोटीस पोचवलेली किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवलेली असली पाहिजे. तेही नसेल तर अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेलं हवं. यातलं काहीच झालं नसेल तर दोषी ठरवता येणार नाही. ब्रिटनमध्येही चौदा दिवसांचाच नियम आहे. त्यामागचा विचार माणुसकीचा आहे. दोन महिन्यांनी कुणी विचारलं की अमुक मंगळवारी रात्री दहा वाजता तू कुठे होतास, गाडी कोण चालवत होतं, तर प्रामाणिक माणसालाही आठवणार नाही. आठवण ताजी असताना आरोप सांगा, म्हणजे त्याला उत्तर देता येईल.

आता २०२१चा नियम १६७अ बघा. तो म्हणतो, नोटीस पंधरा दिवसांत पाठवा. कायद्यात चौदा, नियमात पंधरा. नियम कायद्याच्या पोटात जन्मतो, त्यामुळे दोन्हींत विसंगती आली की कायदा वरचढ. म्हणजे पंधराव्या दिवशी पाठवलेली नोटीस नियमाप्रमाणे वेळेत आणि कायद्याप्रमाणे उशिरा. शिवाय कायदा रजिस्टर पोस्टाचं नाव घेतो आणि प्रत्यक्षात येतो मोबाइलवरचा संदेश. या विसंगतीत वकिलाला भरपूर जागा आहे. ती काढून टाकणं संसदेला आणि मंत्रालयाला अवघड नाही. एका आकड्याचं आणि एका वाक्याचं काम आहे. ते तसंच राहिलेलं असताना हजारो चलानं निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कलम २०९ला एक उलटी बाजू आहे, आणि ती सांगवी-पिंपळे गुरवसारख्या वस्त्यांना थेट लागू होते. नोटीस न पोचण्याचं कारण आरोपीच्याच वागण्यात असेल तर त्याला या संरक्षणाचा फायदा मिळत नाही. आपल्या गल्लीत रात्री उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर वाचत जा. इथले एमएच १४ असतातच, पण लातूरचं २४, बीडचं २३, धाराशिवचं २५, परभणीचं २२, जळगावचं १९ हेही जागोजागी दिसतात. चाकण, भोसरी, तळवडे इथल्या कारखान्यांसाठी मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या माणसांच्या या गाड्या. नोंदणीपुस्तकात पत्ता गावाकडचा, आणि मोबाइल नंबर बहुतेक वेळा गाडी विकणाऱ्या एजंटचा किंवा केव्हाच बंद झालेला. कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलला की तीस दिवसांत कळवायचं असतं. ते न केल्यामुळे चलान लागल्याचं माणसाला गाडी विकताना कळतं. तोपर्यंत चार-पाच चलानं साचलेली असतात आणि एकाचाही प्रतिवाद करायची वेळ हातात नसते. आज रात्री करण्यासारखं एक काम सांगायचं तर ते हे: परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या गाडीच्या नोंदीतला मोबाइल नंबर चालू आहे का, ते बघून घ्या.

गाडी विकली असेल तरीही हेच. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कलम ५० सांगतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ते एजंटच्या हातात दिले की काम झालं असं आपण समजतो. नोंद बदलेपर्यंत कॅमेऱ्याच्या लेखी मालक तुम्हीच.

आणि इथे या सगळ्या प्रकरणातली मूळ फट दिसते. कलम १८३ शिक्षा करतं ते गाडी चालवणाऱ्याला. कॅमेऱ्याला दिसते नंबरप्लेट. चालक कोण हे मालकानं पोलिसांना मागणी झाल्यावर सांगायचं, असं कलम १३३ मध्ये आहे. पण ई-चलानाच्या रोजच्या व्यवहारात ती मागणी क्वचितच होते. मालकानं पैसे भरले की प्रकरण मिटतं. याचा परिणाम फार खोल जातो. दुसऱ्यांदा वेगात सापडलेल्या चालकाचा परवाना जप्त करण्याची तरतूद २०१९ मध्ये आली. तडजोडीनं दंड भरला तरी तो आधीचा गुन्हा म्हणून मोजायचा आणि परवान्यावरची कारवाई टळत नाही, हेही कलम २०० मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. दुरुस्तीतला सगळ्यात दमदार भाग हाच. पण चलान परवान्याला चिकटतच नाही, ते गाडीला चिकटतं. मग दुसरा गुन्हा कुणाच्या नावावर मोजायचा? दहा वेळा सापडलेली गाडी असते, दहा वेळा सापडलेला माणूस कागदावर कुठेच नसतो. ज्याला दोन हजार रुपये जड नाहीत, त्याच्यासाठी वेग ही परवडणारी वस्तू होऊन बसते. माझ्या दृष्टीनं ही सगळ्यात घातक पळवाट, कारण तिचा फायदा घ्यायला वकीलसुद्धा लागत नाही.

नंबरच दिसू दिला नाही तर आणखी सोपं. वाकवलेली प्लेट, चिखल, आणि ४१४१ हा आकडा "दादा" वाचला जाईल अशा वळणानं काढलेला. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट सक्तीची झाली, पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही. तिचा खरा उपयोग इथे आहे.

मुदतीची पळवाटही मोठी आहे. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं सहा महिन्यांनंतर घ्यायची नाही, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. उशिराचं सबळ कारण असेल तर न्यायालय सूट देऊ शकतं. चलान भरलं गेलं नाही तर पोलिसांनी ते या मुदतीत न्यायालयात नेलं पाहिजे. न नेलेली चलानं वर्षानुवर्षं ऑनलाइन थकबाकी म्हणून दिसत राहतात, आणि लोकअदालतीच्या आधी तडजोडीचे संदेश येतात. लोकअदालतीत मिटवलेलं प्रकरण अंतिम असतं, त्यावर अपील नाही. म्हणून ज्याला खरंच वाटतं की आपली चूक नव्हती, त्यानं रक्कम कमी होते एवढ्यावर तिथे सही करू नये. आधी ऑनलाइन तक्रार नोंदवावी, फोटो आणि मोजमाप मागावं आणि गरज पडली तर न्यायालयात बाजू मांडायची तयारी ठेवावी.

आपल्या दारातच, किवळ्याला संपणाऱ्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर, जुलै २०२४ पासून सरासरी वेग मोजणारी यंत्रणा सुरू झाली. कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधलं अंतर भागिले लागलेला वेळ. कमानी दहा किलोमीटरवर असतील तर ताशी शंभरनं सहा मिनिटं लागतात. पाच मिनिटांत पोचलात तर सरासरी १२०. कॅमेऱ्यापाशी ब्रेक आणि पुढे पुन्हा ॲक्सिलरेटर, ही जुनी युक्ती इथे चालत नाही. सरासरीवरून गुन्हा ठरतो का, असा प्रश्न काही जण विचारतात. गणित त्यांच्या बाजूचं नाही. १२० ची सरासरी गाठायची तर निदान एखाद्या क्षणी तरी तो वेग गाठावाच लागतो. खरा प्रश्न घड्याळांचा आहे. दोन कमानींच्या घड्याळांत दहा सेकंदांचा फरक पडला तर बरोबर शंभरनं जाणारी गाडी १०३ च्या आसपास दिसेल. तपासणीचा कागद मागणं म्हणजे हेच विचारणं.

इतकं सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर एक हिशोब. ताशी ६० नं जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. समोर माणूस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर गाडी तशीच जाते. ८० नं गेलात तर तेहतीस. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे ६० ऐवजी ८० झाला की ती पावणेदोन पटीच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की सरासरी वेग एक टक्क्यानं वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि केंद्राच्या अहवालात त्यांतल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण लिहिलेलं आहे.

या मृत्यूंचा विचार केला की चाकणकडे नजर वळतेच. तिथला वेग नेहमीच चालकाच्या हौशीचा नसतो. पुणे-नाशिक रस्त्यावर दिवसा कोंडी, जड वाहनांना वेळेचे निर्बंध, आणि कारखान्याच्या फाटकावर माल पोचायची ठरलेली वेळ. उशीर झाला तर भाड्यातून कापून घेतात. कोंडीत गेलेली चाळीस मिनिटं चालक मोकळ्या पट्ट्यात भरून काढतो. वाहतुकीच्या वाहनांना नियम ११८ प्रमाणे वेगनियंत्रक लागतो. सर्वसाधारण ट्रकला ताशी ८०, तर डंपर, टँकर आणि शाळेच्या बसला ६०. ही साधनं तपासून मान्यता देणाऱ्या देशातल्या संस्थांपैकी दोन आपल्याकडेच आहेत, भोसरीची सीआयआरटी आणि पुण्याची एआरएआय. नवीन गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलकडून इंजिनकडे जाणाऱ्या वायरच्या मधे एक छोटी पेटी बसवतात. ठरलेल्या वेगाला ती इंजिनकडे जाणारा संकेत अडवते, पेडल कितीही दाबलं तरी. तिच्या जोडांना सील असतं. सील तोडून वायरचे दोन्ही कपलर पुन्हा एकमेकांना जोडले की पेटी जागेवर राहते आणि काम मात्र करत नाही. फिटनेस तपासणीच्या आधी ती परत जोडायची. बोनेटखाली वाकून सील बघायला दोन मिनिटं पुरतात, पण रस्त्यावरच्या तपासणीत ती दोन मिनिटं दिली जात नाहीत.

याच कलम १८३ मध्ये एक तरतूद पडून आहे, जिचं नाव मी चाकणच्या रस्त्यावरच्या कुठल्याही चर्चेत ऐकलेलं नाही. २०१९च्या दुरुस्तीनं वेगात चालवणाऱ्याबरोबरच आपल्या नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला तसं चालवायला लावणाराही पहिल्याच उपकलमात आणला. आणि चौथं उपकलम म्हणतं: ठरावीक वेळेत प्रवास पुरा करण्याचं वेळापत्रक किंवा आदेश असेल, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय तो पाळणं न्यायालयाच्या मते शक्य नसेल, तर ते वेळापत्रक काढणाऱ्याविरुद्ध तोच प्रथमदर्शनी पुरावा. नाशिक फाट्यापासून चाकण सुमारे वीस किलोमीटर. कामगारांना नेणाऱ्या एखाद्या बसला पाळीच्या वेळेआधी त्या अंतरासाठी किती मिनिटं दिलेली आहेत, एखाद्या टेंपोच्या फेरीच्या कागदावर निघण्याची आणि पोचण्याची कोणती वेळ छापलेली आहे, हे कागद आजही त्या-त्या कार्यालयात फायलीला लावलेले आहेत. ते मागवून बघायचा अधिकार तपास करणाऱ्या पोलिसाला आहे. चालकाला चलान पाठवण्याआधी एकदा तरी तो कागद मागवला गेला पाहिजे.